पडद्यावर नव्हतं ते

लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मावशीने मुलाकडच्यांना आधीच सांगून टाकलं होतं, "कामाला वाघ आहे पोर, पण बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. मागाहून तक्रार चालणार नाही." माहेरी तिला घुमी म्हणायचे आणि ते नाव तिच्या ट्रंकेबरोबर सासरीही आलं. तक्रार कुणी केली नाही. नवरा बस चालवायचा, दिवसभर प्रवाशांची कटकट ऐकून घरी यायचा, त्याला न बोलणारी बायको म्हणजे पर्वणीच वाटली.

पुढे त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचं विरत गेलं, आणि एक दिवस बस कायमची सुटली. रडणं, चिडणं, भिंतीवर ताट फेकणं, सगळं यथासांग झालं. मग तो आंधळ्यांच्या कारखान्यात खुर्च्या विणायला जाऊ लागला. वेताच्या जुन्या खुर्च्या तिथे यायच्या, झिजलेली बैठक कापून काढायची, सांगाडा पुसायचा आणि नवी जाळी विणायची. पहिल्याच दिवशी त्याने आधी काय करत होतो ते सांगितलं आणि तिथल्यांनी त्याचं नाव ड्रायव्हर ठेवलं. आंधळ्याला ड्रायव्हर म्हणण्यात काय गंमत आहे ते आंधळ्यांनाच कळतं. डोळस माणूस ऐकून कावराबावरा व्हायचा आणि ते सगळे खिदळायचे.

घुमी मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईघरात काम करायची. वॉर्डांतून मळक्या चादरींची गाठोडी यायची, ती सोडून निवड करायची हे तिचं काम. डागाळलेली इकडे, फाटलेली तिकडे, नुसती चुरगळलेली पलीकडे. यंत्रांच्या घरघरीत तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, त्यामुळे तिचा स्वभाव त्या कामाला जणू बेतून शिवलेला होता. सकाळी ती नवऱ्याला कारखान्याच्या दारात सोडायची, संध्याकाळी घ्यायला जायची. तो तिचा कोपर धरून अर्धं पाऊल मागून चालायचा. वाटेत ती "पायरी" म्हणायची, "खड्डा" म्हणायची, "थांबा" म्हणायची. एवढं तिचं दिवसभराचं बोलणं.

घरात टीव्ही होता. डोळे गेले म्हणून टीव्ही काय विकायचा, असं ड्रायव्हरचं म्हणणं. बातम्या कानांवर भागायच्या. घरगुती मालिकांना तर डोळे लागतच नाहीत, त्यांत माणसं दार उघडायच्या आधी "मी दार उघडते हं" असं बजावून उघडतात. पण मग ती मालिका आली.

मालिका अशी होती. एका गोदामात मालाच्या नोंदी करणारी एक साधी मुलगी. एक म्हातारा डॉक्टर तिच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवतो आणि तिची बुद्धी वाढू लागते. आज जेवढी आहे त्याच्या दुप्पट उद्या, परवा त्याच्याही दुप्पट. ती कुठवर जाणार आणि माणूस राहणार की नाही, हा प्रश्न. ड्रायव्हर पहिल्याच भागात गळाला लागला. पण लिहिणाऱ्याची अशी काही समजूत होती की माणूस शहाणा होत गेला की बोलायचा बंद होतो. तसं असतं तर घुमीचा चौकात पुतळा उभारावा लागला असता. ते असो. मालिकेतली मुलगी जसजशी हुशार होत गेली तसतशी गप्प होत गेली. तिने विचार सुरू केला की संगीत वाजायचं, आणि संगीत संपेपर्यंत आंधळ्या माणसाने छताकडे तोंड करून बसायचं.

"काय करतेय ती?" ड्रायव्हरने विचारलं.

"बसलीय," घुमी म्हणाली.

"आणि?"

"बसलीच आहे."

"अगं, इंजिन चालू आहे, ऐकू येतंय मला! डोकं चालतंय तिचं. काय दिसतंय ते सांग ना."

पडद्यावर मुलीच्या तोंडावरून निळे आकडे पळत होते. ते वाचेपर्यंत दुसरे यायचे. मुलीसमोर एक रिकामी खुर्ची होती, बाकी खोलीत काहीच नव्हतं. ड्रायव्हर वाट बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर डोळे गेले त्या वर्षीची ती जुनी चीड हळूहळू चढायला लागली होती. घुमीला तिची भीती वाटायची. ती घाईघाईने म्हणाली, "ती खुर्चीकडे बघतेय."

"बरं?"

"खुर्ची एका बाजूला जास्त दबलीय. डाव्या बाजूला. म्हणजे बसणारा माणूस डावीकडे कलून बसायचा. म्हणजे डावीकडे कुणीतरी असायचं, हळू बोलणारं. त्याचं ऐकायला हा कलायचा. रोज. वर्षानुवर्षं." ती थांबली. संगीत अजून चालूच होतं. "आता ते माणूस नाही. पण खुर्ची अजून कललेली आहे."

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाप रे. काय डोकं आहे त्या पोरीचं!"

घुमी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगीच हात धूत उभी राहिली. हे कुठून आलं? आपल्या डोक्यात आहे तरी काय, तर भाजी, भाडं आणि चादरी, अशी तिची स्वतःबद्दलची पक्की समजूत होती. घरात चोर शिरला की माणूस घाबरतं. हिला घरात एखादी खोलीच जास्तीची निघाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने कारखान्यात तो प्रसंग जसाच्या तसा सांगितला. तिथे गुरुजी म्हणून एक म्हातारे विणकर होते, जन्मांध, कशालाही सहजी हो न म्हणणारे. त्यांनी दुरुस्तीला आलेली एक खुर्ची पुढे ओढली. आजवर त्यांनी शेकडो बैठका कापून फेकल्या होत्या. त्या दिवशी कापायच्या आधी त्यांनी झिजलेल्या जाळीवरून सावकाश बोटं फिरवली.

"पुढच्या कडेला दबलीय," ते म्हणाले. "मागे तर कोरी करकरीत आहे. हा माणूस कधी टेकून बसलाच नाही. सतत उठायच्या बेतात." मग त्यांनी कात्री खाली ठेवली. "आयुष्यभर मी माणसांची बसायची तऱ्हा कापून कचऱ्यात टाकत आलो, आणि मला पत्ता नाही."

तेव्हापासून त्या कारखान्यात खुर्ची वाचल्याशिवाय कुणी कात्री लावेना. पूर्वी टेलिफोन जोडून द्यायचं काम करणारी एक बाई तिथे होती, तिला सगळे फोनवाली म्हणत. ती म्हणायची, "माझ्या घरीही लागते हो ही मालिका, पण नुसतं ठणठण संगीत ऐकू येतं. ड्रायव्हर, तुमच्या बायकोचे डोळे भारी आहेत." ड्रायव्हर म्हणायचा, "डोळे आहेत तिचे, पण डोकं त्या मुलीचं आहे." हे तो घरी येऊन बायकोलाही सांगायचा, आणि त्यात आपण काही लागेल असं बोललो हे त्याच्या गावीही नसायचं.

घुमीला आता दर भागाला विचार पुरवावे लागत. तिला गणित येत नव्हतं, म्हणून तिच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या त्या महाबुद्धिमान मुलीने अख्ख्या मालिकेत एक साधी बेरीज केली नाही. ती फक्त बघायची. एकदा पडद्यावर मुलगी पांढऱ्या खोलीत डोळे मिटून बसली होती आणि संगीत काही संपेना. घुमीने तिला सरळ रेल्वे स्टेशनच्या पुलावर नेऊन उभी केली. खाली माणसांचा लोंढा दोन्ही बाजूंनी येतोय, सांगत सुटली ती. सगळे घाईत, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही, तरी कुणी कुणावर आपटत नाही. प्रत्येक जण अंग थोडं चोरतो, दुसरा थोडं वळवतो, आणि वाट होते. कुणी कुणाला सांगत नाही, आभार मानत नाही. मुलगी बघत राहते आणि तिला कळतं की आपल्या डोक्यात यंत्र बसवून उपयोग नाही, खरी बुद्धी त्या दोन माणसांच्या मधल्या वीतभर जागेत आहे, आणि तिथे ती आधीपासूनच आहे.

हे ऐकून ड्रायव्हरच्या अंगावर काटा आला. त्याने चाचपून तिचा हात धरला, आपल्या दंडावर ठेवला आणि तो काटा तिला दाखवला. घुमीच्या अंगावरही होता. आपणच सांगायचं आणि आपल्यालाच नवल वाटायचं, असं त्या दिवसांत तिचं झालं होतं. धुलाईघरात गाठोडं सोडताना ती थबकायची. एका चादरीचा कोपराच तेवढा मुठीत आवळून आवळून चुरगळलेला असे, बाकी चादर सपाट. दुसरी एकाच माणसाची चादर असून तिच्यावर दोन माणसांच्या बसण्याच्या खुणा असत. ती हे वर्षानुवर्षं बघत आली होती. बघितलेलं एवढं सगळं आत जाऊन बसलं होतं, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

आता तिने केलेली चूक सांगायला हवी. एका भागात म्हातारा डॉक्टर दमून पलंगावर आडवा झाला आणि डोळ्यांवर उजेड येतो म्हणून त्याने चादर तोंडावर ओढून घेतली. बाकी कुणालाही वाटलं असतं, झोपला. पण रुग्णालयात जन्म काढलेल्या बाईला तोंडावर ओढलेल्या चादरीचा एकच अर्थ माहीत.

"गेले डॉक्टर," घुमी म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच भरून आला.

कारखान्यात दुसऱ्या दिवशी सगळे उदास. आणि पुढच्याच भागात डॉक्टर खणखणीत आवाजात बोलायला लागले.

"अगं, हा मेला होता ना?" ड्रायव्हर ताडकन उठून बसला.

चुकले म्हणावं तर इतक्या दिवसांचं सगळंच उसवायला लागेल. "मेलेच आहेत ते," घुमी म्हणाली. "पण मरायच्या आधी त्यांनी आपला आवाज तिच्या यंत्रात साठवून ठेवला होता. तो तिला आतून ऐकू येतो. खोलीत दुसरं कुणी नाहीये."

झालं. त्या दिवसापासून डॉक्टर नुसतं "पाणी दे" म्हणाले तरी ड्रायव्हरला हुंदका यायचा. मेलेला माणूस पाणी मागतोय! फोनवाली म्हणाली की असं काळीज हलवणारं तिने आजवर काही ऐकलं नाही. मालिकेच्या लेखकाला हे कळलं असतं तर त्याने डॉक्टरला खरंच मारला असता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका संध्याकाळी ड्रायव्हर कारखान्यातून नाचतच बाहेर आला. मालिका संपत आली होती, आणि शेवटचा भाग खास आंधळ्यांसाठी दाखवणार होते. म्हणजे मधल्या शांततेत एक निवेदक पडद्यावर काय काय दिसतंय ते सांगणार. कारखान्याचे व्यवस्थापक मोठा टीव्ही आणून सभागृहात लावणार होते. "तुझीही सुटका," ड्रायव्हर म्हणाला. "बिचारी किती दिवस घसा कोरडा करतेयस."

घुमी चालता चालता थांबली. "खड्डा?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "नाही."

पुढचे दिवस तिला अन्न गोड लागेना. मालिकेचं तिला काही नव्हतं. पण हा माणूस तिच्या डोळ्यांवर जगत होता. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, पत्रात काय आहे, रस्ता मोकळा आहे का, सगळं ती सांगेल ते खरं. हिने वर्षभर रोज रात्री शेजारी बसून आपल्याला बनवलं, हे त्याला भर सभेत कळलं, तर उद्या रस्त्याच्या कडेला ती "या" म्हणाली की तो पाऊल टाकेल का? आंधळ्या माणसाचा विश्वास गेला तर त्याला राहतं काय, आणि तिला तरी काय राहतं?

शेवटी तिने ठरवलं, परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. तो दाढी करत होता, ती त्याच्या शर्टाला बटण लावत होती.

"ऐकलंत का, मी मालिकेतलं सांगते ना, ते सगळं तिथे नसतं."

"म्हणजे?"

"ते खुर्चीचं. स्टेशनचं. ते दिसत नाही पडद्यावर. ते मी सांगते." थोडं थांबून ती म्हणाली, "माझ्या मनाचं."

वस्तरा गालावरच थांबला. आणि तो खो खो हसायला लागला.

"तू? अगं, बाजारातून चार वस्तू सांगितल्या तर तीन आणतेस तू!"

"खरंच सांगतेय."

"बरं, आणि डॉक्टरही तूच मारलास?"

"हो."

तो आणखीच हसला. मग वस्तरा बाजूला ठेवून समजूत काढायच्या आवाजात म्हणाला, "हेवा वाटतो का गं तुला त्या पोरीचा? मी फार कौतुक करतो तिचं, चुकलंच माझं. पण असं बघ, तिच्या डोक्यात यंत्र आहे. तुझ्या डोक्यात काय आहे?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो प्रेमानेच म्हणाला होता, आणि म्हणूनच ते तिला थेट जाऊन लागलं. तिने दाताने दोरा तोडला. इतके दिवस पोटात होती ती भीती गेली आणि तिच्या जागी काहीतरी गरम येऊन बसलं. जन्मात पहिल्यांदा ती नवऱ्यापुढे एवढं लांबलचक खरं बोलली होती, आणि तेवढंच नेमकं त्याला खोटं वाटलं होतं.

शेवटच्या भागाला ती सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या रांगेत बसली. ड्रायव्हर तिच्या शेजारी, पलीकडे गुरुजी, मागे फोनवाली. सगळे विणकर खुर्च्यांच्या कडा चाचपत जागा घेत होते. व्यवस्थापकांनी टीव्ही लावला. ते डोळस होते, हौशी होते आणि त्यांनी मालिका पहिल्यापासून नेमाने पाहिली होती.

संगीत सुरू झालं. निवेदकाचा आवाज आला, स्वच्छ, कोरडा. "मुलगी खुर्चीवर बसली आहे. ती समोर पाहते. तिच्या चेहऱ्यावरून निळे आकडे सरकतात."

सगळे पुढे झुकून थांबले. संगीत वाजत राहिलं.

"मुलगी अजूनही समोर पाहते," निवेदक म्हणाला.

"आळशी दिसतोय," ड्रायव्हर कुजबुजला. "विचार काय करतेय ते सांगतच नाही."

"पगार कमी असेल," मागून फोनवाली म्हणाली.

"दार उघडतं," निवेदक म्हणाला. "डॉक्टर आत येतात. टेबलावरच्या बशीतलं बिस्कीट उचलून खातात."

सभागृहात एकच गलका उडाला. "कोण डॉक्टर?" "बिस्कीट?" "अहो, मेलेला माणूस बिस्कीट कसा खाईल?" व्यवस्थापक गोंधळून उभे राहिले. "मेलेला? कोण मेलंय? डॉक्टर पहिल्यापासून धडधाकट आहेत की."

"मग तिच्या डोक्यातला आवाज?" गुरुजींनी विचारलं.

"कसला आवाज? ते समोर उभे राहून बोलतात."

ड्रायव्हर सावकाश म्हणाला, "साहेब, ती स्टेशनच्या पुलावर उभी राहते तो भाग तुम्ही पाहिला असेल ना?"

"स्टेशन? छे हो. सगळी मालिका त्या एका पांढऱ्या खोलीत आहे. खर्च वाचवला असेल. ती बसते, बघते, दिवे लागतात. खरं सांगू का, कंटाळवाणी आहे. तुम्ही लोक एवढे वेडे का झालात तेच मला कळत नव्हतं."

आंधळ्यांचे डोळे वळत नाहीत, कान वळतात. एकेक करून सगळी डोकी तिरकी झाली आणि ते सगळे कान घुमीकडे लागले. तिला वाटलं उठून पळावं. पण ती उठली नाही. तिने मान खाली घातली नाही.

तिच्या कोपराजवळ नवऱ्याचा हात होता. तो आता कोपर धरत नव्हता.

"बाई," गुरुजी म्हणाले. त्यांनी आजवर तिला कधी हाक मारली नव्हती. "खुर्ची माणसासारखी कलते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," घुमी म्हणाली. "मी चादरी निवडते रुग्णालयात. माणूस उठून गेला तरी चादरीला ठाऊक असतं तो कसा पडला होता. कुणी भिंतीकडे तोंड करून असतं. कुणाच्या शेजारी कडेला कुणी बसून राहिलेलं असतं, रात्रभर, तेवढ्याच जागेत. मी ती चादर झटकते तेव्हा वाटतं, हे आता फक्त मला माहीत आहे आणि मी ते धुवायला टाकतेय." तिला दम लागला. "यांनी विचारलं ती काय विचार करतेय, म्हणून मी सांगितलं. मला वाटलं हुशार माणसं असाच विचार करत असतील."

फोनवाली रडत होती, आवाज न करता. गुरुजी उठले, आपली टोपी काढली आणि घुमीच्या आवाजाच्या दिशेने वाकले. जन्मात कुणापुढे वाकलेले नव्हते, त्यामुळे त्यांना ते नीट जमलं नाही. टीव्हीवर त्या मुलीने शेवटी तोंड उघडलं आणि काहीतरी महत्त्वाचं ती बोलली असणार, कारण संगीत खूप मोठं झालं. पण कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या मालिकेचा शेवट काय झाला ते कारखान्यात आजही कुणाला सांगता येत नाही.

घरी जाताना ड्रायव्हर तिच्या मागून गप्प चालत होता. दुकानांचे दिवे लागले होते, बसथांब्यावर माणसं उभी होती. रस्ता ओलांडायची जागा आली तेव्हा घुमी कडेला थांबली. मोठ्या कष्टाने तिने म्हटलं, "या." त्याने एक क्षणही न घालवता पाऊल टाकलं. पलीकडे पोचल्यावर तिने विचारलं, "रागावलात?"

"नाही."

"मग बोलत का नाही? तुम्हाला आता माझं काही खरं वाटेल का?"

"तू मला परवा खरंच सांगितलं होतंस," तो म्हणाला. "त्याला खोटं मी ठरवलं." थोडं चालून तो पुन्हा म्हणाला, "आणि वर काय म्हणालो? तुझ्या डोक्यात काय आहे, म्हणालो. ते आता परत घेता येत नाही."

"जाऊ द्या."

"कसं जाऊ देऊ? मी घाबरलोय गं." त्याने तिचा कोपर घट्ट धरला. "इतकी वर्षं तुझ्या डोळ्यांनी चालतोय मी. जगातलं काय वाटेल ते विचारता आलं असतं तुला. आणि मी विचारत काय राहिलो? पायरी आली का, आणि खड्डा कुठाय."

घुमीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. समोरचं सगळं धूसर झालं, आणि म्हणून पदपथाची उंच कड तिला दिसलीच नाही. ड्रायव्हरचा पाय अडखळला, तो तिच्या अंगावर आला, ती दिव्याच्या खांबावर गेली, आणि दोघं खांबाला मिठी मारून कसेबसे उभे राहिले.

"अगं ए!" तो ओरडला. "बाकीचंही विचारायला हवं होतं असं म्हणालो मी. पायरी सांगू नकोस असं नाही म्हणालो!"

घुमी हसली. भर रस्त्यात, डोळ्यांत पाणी असताना, तोंडावर हात न धरता मोठ्याने हसली. येणारेजाणारे थांबून बघू लागले. तो तिचं हसणं संपेपर्यंत तोंड वर करून ऐकत राहिला. मग त्याने अंगावरची धूळ झटकली, तिचा कोपर शोधला आणि म्हणाला, "चल. काय काय दिसतंय ते सांग. आणि कुणी विचार करत बसलं असेल तर तोही सांग."

बसथांब्यावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. घुमी तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने बोलायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी त्यांना घरी पोचायला फार उशीर झाला.